गुलाबाची काडी लावताना: ऑक्टोबरच्या छाटणीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत

घरी गुलाबाच्या काड्या लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते. पंधरा दिवस काडी हिरवीगार होती, वर पालवीही आली आणि मग एकाएकी सगळं काळं पडलं. पाणी कमी पडलं असं वाटून बाकीच्या काड्यांना जास्त पाणी दिलं जातं, आणि त्याही जातात. घरात लावलेली काडी सुकून क्वचितच मरते, बहुतेक वेळा ती कुजून मरते. मूळ नसलेल्या काडीला ओलावा हवा असतो तो पानांभोवतीच्या हवेत. बुडाशी साचलेलं पाणी तिला नको असतं. खाली जे काही लिहिलं आहे ते एवढ्यासाठीच.

हा सगळा अनुभव पुण्यातल्या पूर्वेकडच्या बाल्कनीचा आहे. घाटमाथ्यावर आणि देशावर काड्या लावायला दोन हंगाम सापडतात. पहिला जून-जुलैचा, पाऊस लागल्यावर. दुसरा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंतचा. पावसात हवा दमट असल्याने काडी सुकत नाही, पण बुरशीला ती हवा जास्तच मानवते. कोकणात तर पावसाळ्यात काडी लावूच नये, दिवाळी होऊ द्यावी. मला ऑक्टोबर बरा वाटतो. गुलाबाची मोठी छाटणी तेव्हाच होते आणि एरवी कचऱ्यात जाणाऱ्या काड्या आयत्या मिळतात. शिवाय पावसाळाभर वाढलेलं लाकूड तोवर नीट पिकलेलं असतं.

आधी जातीबद्दल, कारण निम्मं यशापयश तिथेच ठरतं. गावठी गुलाबी गुलाब, बटण गुलाब, वेली गुलाब आणि झुपक्याने फुलणारे फ्लोरिबंडा काडीवर चांगले लागतात. एका दांड्यावर एकच मोठं फूल देणारे हायब्रिड टी निम्मे लागले तरी समाधान मानावं. त्यातही पिवळे आणि काळपट लाल फार नखरे करतात. बुकेतल्या डच गुलाबाच्या दांड्या लावून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्या दांड्या शीतगृहातून आलेल्या असतात, काढून बरेच दिवस झालेले असतात आणि त्यांच्यातला अन्नसाठा फुलाने ओढून घेतलेला असतो. एखादी लागतेही, पण पॉलिहाऊसमध्ये खुंटावर डोळा भरून (म्हणजे दुसऱ्या, जंगली गुलाबाच्या बुंध्यावर या जातीचा अंकुर बसवून) वाढवलेली ती जात बाल्कनीत स्वतःच्या मुळांवर तशी फुलेल ही आशा ठेवू नये.

नर्सरीतून आणलेलं झाड बहुधा डोळा भरलेलंच असतं, म्हणून काडी जोडाच्या वरच्या भागातली घ्यावी. जोडाखालून आलेली फूट खुंटाची असते. ती जोमदार दिसते आणि हटकून लागते, पण फुलं मात्र जंगली येतात. ‘सात पानांची फूट जंगली, पाच पानांची चांगली’ हा नियम सर्रास सांगितला जातो. त्यावर विसंबू नये, कारण चांगल्या जातींच्या जोमदार फुटीवरही सात पानं येतात. फूट कुठून निघाली आहे ते माती थोडी उकरून बघावं.

परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी इथेच एक सांगून ठेवतो. आवडत्या गुलाबाच्या काड्या बॅगेत घालून भारतात आणता येत नाहीत. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार लागवडीसाठी काड्या आणायच्या तर आधी आयात परवाना घ्यावा लागतो आणि निघताना त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दोन-चार काड्यांसाठी हा खटाटोप कुणी करत नाही. तीच जात इथल्या नर्सरीत शोधलेली बरी. देशातल्या देशात, गावाहून काड्या आणायला काही अडचण नाही. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून त्या दोन दिवस सहज टिकतात. फक्त गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नयेत.

काडी निवडणं आणि कापणं

दसरा झाला, पाऊस थांबला की आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी द्यावं आणि सकाळी आठच्या आत काड्या घ्याव्यात. नुकतंच फूल गळून गेलेला दांडा सगळ्यात चांगला. जाडी साधारण पेन्सिलीएवढी असावी, बटण गुलाबाची त्याहून बारीक चालते. काडी तयार आहे का हे काट्यावरून कळतं. अंगठ्याने काटा बाजूला ढकलला आणि तो कट्कन मोडून आला तर लाकूड तयार आहे. काटा नुसता वाकला किंवा सालीसकट सोलून निघाला तर ती काडी कोवळी, ती आठवड्यात कुजते. उलट करड्या सालीची, जून झालेली बुडाची काडी महिनोन्महिने जिवंत राहते पण मूळ धरायला फार वेळ लावते. डोळे टपोरे असावेत, फुटलेले नसावेत.

लांबी 15 ते 18 सेंटिमीटर आणि त्यात चार-पाच डोळे असं माप ठेवलं. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तीन-चार मिलिमीटरवर, आडवा. वरचा काप डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका. वर-खाली असा वेगळा काप दिला की काडी उलटी लागत नाही. ऐकायला हे गमतीचं वाटेल, पण पानं काढलेल्या वीस काड्या समोर पडल्या की हा घोळ नक्की होतो. छाटणीच्या कात्रीने काडीचं बूड थोडं चेंगरतं आणि कूज तिथूनच सुरू होते. म्हणून कात्रीने काडी काढून घेतली तरी खालचा शेवटचा काप नव्या पात्याच्या पेपर कटरने द्यावा. झाड बदललं की पातं स्पिरिटने पुसावं.

खालची सगळी पानं काढून वरची दोन ठेवायची आणि त्यांचेही शेंड्याकडचे अर्धे भाग कापून टाकायचे. पान अजिबात नसेल तर मुळांना लागणारं अन्न काडीतल्या साठ्यावरच भागवावं लागतं. पानं जास्त असतील तर मूळ यायच्या आत सगळं पाणी उडून जातं. त्यानंतर खालच्या दोन सेंटिमीटर भागावर, एकाच बाजूने, पात्याने साल हलकेच खरवडायची. आतली हिरवी रेघ दिसली की थांबायचं. पांढरं लाकूड दिसलं तर जास्त झालं. मुळं बुडातून फुटतात तशी या जखमेच्या कडेनेही फुटतात.

औषध, पावडर आणि माध्यम

एक लिटर पाण्यात एक ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक (दुकानात बाविस्टिन म्हणून मागतात) घालून त्यात काड्या दहा मिनिटं बुडवल्या आणि सावलीत कागदावर निथळत ठेवल्या. हातमोजे घालावेत आणि त्या भांड्याचा घरात दुसरा उपयोग करू नये.

मुळं फुटायची पावडर म्हणजे शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेलं इंडोल ब्युटिरिक ॲसिड. केराडिक्स, रूटेक्स अशा नावांनी ती शेती-औषधांच्या दुकानात मिळते. लहान डबीला शंभर-सव्वाशे रुपये पडतात आणि ती शेकडो काड्यांना पुरते. वापरताना काडी डबीत बुडवू नये, आत ओल गेली की पावडर वाया जाते. झाकणात चिमूटभर काढून घ्यावी, काडीचं बूड एक-दीड सेंटिमीटर त्यात टेकवावं आणि जास्तीची पावडर झटकावी. जाड थर दिला म्हणून जास्त मुळं येत नाहीत, उलट बूड करपतं. फार जुनी, उन्हात राहिलेली डबी घेऊ नये.

पावडरऐवजी कोरफड, मध, दालचिनी, बटाटा यांचे व्हिडिओ ढिगाने आहेत. दालचिनीच्या भुकटीने बुरशीला थोडा आळा बसतो, मूळ काही त्याने येत नाही. कोरफडीने नुकसान नाही. बटाट्यात खोचलेली काडी मात्र बटाट्यासोबत सडते, त्याच्या वाटेला जाऊ नये. सोप्या जाती पावडरीशिवायही लागतात. अवघड जातींत पावडरीने फरक पडतो, पण बुडाशी पाणी साचत असेल तर पावडर काही करू शकत नाही.

काडी ज्यात रोवायची त्या माध्यमात निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं पर्लाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे दाणे) घेतलं. पर्लाइट नसेल तर जाड वाळू सात-आठ पाण्यांनी धुऊन घ्यावी, गढूळपणा पूर्ण जाईपर्यंत. बांधकामाच्या क्रश सँडमधली भुकटी निचरा बंद करते, ती चाळून काढल्याशिवाय वापरू नये. कोकोपीटच्या विटेत क्षार असतात, म्हणून ती भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून असं दोन-तीनदा करायचं. साडेसहाशे ग्रॅमच्या विटेतून आठ-नऊ लिटर कोकोपीट निघतं, वीस-पंचवीस काड्यांना ते पुष्कळ झालं. विटेचे साठ-सत्तर रुपये आणि किलोभर पर्लाइटचे शंभराच्या आसपास असा खर्च आला. तयार मिश्रण मुठीत घट्ट दाबलं की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पसरून वाळवावं.

यात शेणखत, गांडूळखत काहीही घालायचं नाही. खायला तोंडच नसताना वाढलेलं ताट बुरशीच्या कामी येतं. काळी माती तर अजिबात नको. ती पाणी धरून बसते आणि सुकली की काडीभोवती भेग पडते.

भांडं म्हणून 300 मिलिलिटरचे पारदर्शक प्लॅस्टिकचे ग्लास घेतले, तळाला आणि तळालगत बाजूला तापलेल्या सुईने पाच-सहा भोकं पाडली आणि प्रत्येक ग्लासभोवती काळ्या कागदाची गुंडाळी केली. मुळांना अंधार मिळतो, आणि बघायची इच्छा झाली की काडी न उपटता कागद सरकवून बघता येतं. ही इच्छा रोज होते, म्हणून ही सोय हवीच.

पेन्सिलीने आधी भोक पाडून मग काडी घालावी, नाहीतर पावडर वरच घासून जाते. दोन डोळे आत, दोन-तीन बाहेर. भोवतीने बोटांनी दाबावं, एकदाच पाणी द्यावं आणि अर्धा तास निथळू द्यावं. मग दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती वरून टोपीसारखी बसवली. जागा भरपूर उजेडाची पण ऊन न येणारी निवडावी. बाटलीखालच्या काडीवर थेट ऊन पडलं तर तासाभरात पानं उकडल्यासारखी होतात, आणि आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन उन्हाळ्याच्या तोडीचं असतं. बाल्कनीत सकाळचं ऊन येत असेल तर 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी लावावी.

प्रत्येक ग्लासवर जात आणि तारीख हवीच. मार्करची शाई उन्हात दोन-तीन महिन्यांत उडते, आईस्क्रीमच्या काड्या कुजतात. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहिलेलं वर्षभर वाचता येतं.

वाट बघण्याचे आठवडे

पहिल्या आठ-दहा दिवसांत काहीही करायचं नसतं आणि तेच सगळ्यात जड जातं. बाटलीच्या आत सकाळी दव दिसत असेल तर पाणी पुरेसं आहे. दिवसातून एकदा बाटलीचं झाकण तासभर उघडावं. ठेवलेलं पान पिवळं होऊन गळलं तर घाबरू नये, पण ते ग्लासात पडू देऊ नये, लगेच चिमट्याने उचलावं. दवच दिसेनासं झालं तर ग्लास बशीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून काढून घ्यावा. वरून पाणी ओतायचं नाही.

दहा-बारा दिवसांत वरच्या डोळ्यातून लालसर पालवी येते आणि इथेच फसगत होते. ती पालवी काडीतल्या साठ्यावर आलेली असते, खाली मूळ आलेलं नसतं. ‘लागली’ म्हणून याच टप्प्यावर बाटली काढली जाते, काडी कुंडीत हलवली जाते, पाणी वाढवलं जातं. नंतर चार दिवसांत पालवी मान टाकते. बुडाला या काळात पांढुरकी, खरबरीत गाठ धरत असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ग्लासातून ती कधीकधी दिसतेही. खरी मुळं यायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत आठसुद्धा. गाठ मोठी होत राहते पण मूळ येत नाही असंही होतं. तेव्हा काडी आणखी महिनाभर तशीच राहू द्यावी. काडीवर कळी आली तर वाटाण्याएवढी व्हायच्या आत खुडावी. जिवावर येतं, पण कळी मुळांचं अन्न खाते.

काड्या मेल्या तर कशाने मेल्या हे काडीच सांगते. काळेपणा बुडापासून वर चढत असेल तर पाणी जास्त आहे, निचरा नाही किंवा कापताना बूड चेंगरलं आहे. ती काडी ग्लासासकट लगेच बाजूला करावी. माध्यम पुन्हा वापरायचं नाही. काळेपणा वरच्या कापापासून खाली उतरत असेल तर तो शेंडेमर, म्हणजे डायबॅक. पातं अस्वच्छ असणं किंवा वरचा काप डोळ्यापासून फार लांब असणं ही त्याची नेहमीची कारणं. ही काडी वाचू शकते. निरोगी हिरव्या भागापर्यंत, डोळ्याच्या थोडं वर पुन्हा कापावं आणि कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावावी. काडी हिरवी आहे पण सालीवर उभ्या सुरकुत्या पडल्या, तर ती मात्र तहानेने चालली आहे. बाटलीला फट आहे का ते बघावं. माध्यमावर पांढरा कापूस दिसला तर झाकण दिवसातून दोन-तीन तास उघडं ठेवावं आणि वरचा थर चमच्याने काढून टाकावा. ग्लासभोवती बारीक काळ्या माश्या फिरू लागल्या तर माध्यम फार ओलं आहे. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात.

बाटली काढणं आणि पिशवीत हलवणं

ग्लासच्या कडेने तीन-चार पांढरी मुळं दिसली आणि त्यांना पुढे बारीक उपमुळं फुटली की बाटली काढायची तयारी. हे काम आठ-दहा दिवसांवर पसरवावं लागतं. आधी दोन-तीन दिवस झाकण कायमचं उघडं, मग बाटलीच्या कडेखाली खडा ठेवून फट, मग फक्त रात्री बाटली काढणं आणि शेवटी पूर्ण मोकळं. दमट हवेत आलेली पानं पाणी राखायला शिकलेली नसतात. बाटली एकदम काढली की मुळं असलेलं रोपही दुपारपर्यंत लोळागोळा होतं. तसं झालंच तर बाटली परत घालावी, पाणी वाढवू नये.

ऑक्टोबरअखेर लावलेल्या काड्या डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात या टप्प्याला आल्या. काही जानेवारीपर्यंत रेंगाळल्या. रात्री कडाक्याची थंडी असेल तर हलवण्याची घाई करू नये. काळ्या पॉलिथिन पिशव्या पाच बाय सात इंचांच्या घ्याव्यात. नर्सरीच्या सामानाच्या दुकानात त्या किलोवर मिळतात, पावकिलोत भरपूर येतात. मिश्रण एक भाग तांबडी माती, एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट. ताजं शेण मुळं जाळतं. ग्लास उभा कापून गोळा अखंड बाहेर काढावा. गुलाबाची नवी मुळं काचेसारखी मोडतात, गोळा झटकायचा नाही. नंतर तीन आठवडे कोणतंही खत नाही.

जानेवारीच्या अखेरीपासून रोपांना सकाळचं कोवळं ऊन दाखवायला सुरुवात केली, आधी तासभर, मग वाढवत तीन-चार तास. दिवस गरम आणि रात्री थंड असल्या की भुरी येते, कोवळ्या पानांवर पिठासारखी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारल्याने ती आटोक्यात राहिली. गंधक कडक उन्हात फवारायचं नाही, पानं करपतात. नवी फूट चार-पाच इंच झाली की तिचा शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फुटवे येतात.

मार्चमध्ये आठ इंची कुंडी. तोवर प्रत्येक रोपामागचा खर्च, कुंडी सोडून, तीस-चाळीस रुपयांपर्यंत गेला. कलमी रोप नर्सरीत शंभर-दीडशेला मिळतं. वाचलेले पैसे आणि लागलेले महिने यांचा हिशेब ज्याने त्याने करावा. स्वतःच्या मुळांवरच्या झाडाला खुंटाची जंगली फूट येत नाही, हा फायदा मात्र कायमचा.

कुंड्या सोसायटीच्या गच्चीवर न्यायच्या असतील तर याच सुमारास सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात कुंड्यांची संख्या, त्या गच्चीच्या कडेला बीमवर ठेवणार असल्याचं आणि खाली ट्रे असतील असं लिहावं. गळतीच्या भीतीने नकार येतो, तो त्या ट्रेच्या एका ओळीने बऱ्याचदा टळतो. समितीच्या बैठका महिन्यातून एकदाच होतात, म्हणून अर्ज एप्रिलपर्यंत लांबवू नये.

एप्रिल-मे हा छोट्या रोपांचा खरा कसोटीचा काळ. पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची दिसू लागली की पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटकावं. चालणारे लालसर ठिपके दिसले तर तो लाल कोळी. पहाटे पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवसांआड, एवढ्याने तो घरगुती प्रमाणात आटोक्यात येतो. दुपारी जाळीची सावली आणि कुंडीत दोन इंच वाळलेल्या पाल्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन. पाणी सकाळीच, आणि आच्छादन बाजूला करून बोटाने चाचपल्यावरच. काळ्या कुंड्या तापतात, त्यांना पांढऱ्या पोत्याने गुंडाळावं.

वळवाचे पाऊस झाले की रोपं एकदम उठतात. जूनमध्ये बारा इंची कुंडी, मिश्रण तेच, त्यात प्रत्येकी एक मूठ निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा. पंधरा दिवसांनी 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला दोन ग्रॅम, ओल्या मातीत. इथून पुढे कळ्या खुडायचं थांबवायला हरकत नाही. पहिली फुलं जातीच्या मानाने लहान आणि फिकी येतात, त्यावरून जात ओळखायला जाऊ नये, तिसऱ्या-चौथ्या बहरात रंग-आकार जागेवर येतो. पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांचा रोग खालच्या पानांवरून सुरू होतो. मातीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं जुलैच्या आतच काढून टाकली आणि कुंड्यांमध्ये फूटभर अंतर ठेवलं, तर फवारणीची पाळी फारशी येत नाही.